विहिरीच्या पाण्यासाठी नाल्यातला गाळ

खरं सांगतो, ही पोस्ट मी दीड महिना टाळली. दोनदा लिहायला बसलो. एकदा मॅच लागली, एकदा मित्राने "तोरणमाळला येतो का?" विचारलं. पण ही झाली निमित्तं. या प्रवासात मी एक घोळ घातलाय आणि तो सांगितल्याशिवाय पोस्ट पुढे सरकत नाही.

मेघाताई ही माझी मावसबहीण, पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन करते. जानेवारीत तिचा फोन आला. "सेनगावकडे ये. दोन दिवस एका ड्रमजवळ बसायचंय. राहणं-जेवण फुकट." फुकट ऐकलं आणि मी पिशवी भरली.

संभाजीनगरहून सकाळची एसटी पकडली. जालना, मंठा, जिंतूर, औंढा करत हिंगोलीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. औंढ्याच्या आसपास डोंगर लागतात, तिथे खिडकीची जागा कुणालाही देऊ नका. हिंगोली स्टँडबाहेर भजी खा आणि तळलेली मिरची मागून घ्या, आपणहून देत नाहीत. पुढे सेनगावची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि आपल्याला भरली असं वाटल्यावर अजून पाच जण बसतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण सुभद्राकाकूंनी तसं बजावलंय. विहीर त्यांची. चांगली बांधीव, उन्हाळ्यातही न आटणारी. तिच्या वरच्या अंगाला पूर्वी लग्ना-जत्रांसाठी फटाके बनवायची शेड होती. शेड बंद पडली, पण तिथल्या खड्ड्यात टाकलेला माल पावसाबरोबर मुरत राहिला. त्यातलं परक्लोरेट, म्हणजे एक क्षार, विहिरीत उतरलं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, फडक्यातून गाळून जात नाही. रोज पोटात गेलं तर थायरॉइडचं काम बिघडवतं. तपासणीत ते सापडलं आणि विहिरीवर लाल फुली आली.

"सगळी आळी माझ्या विहिरीवर भरायची," काकू म्हणाल्या. "आता पाव्हना आला तर च्याचं पानी मी शेजारनीकडून मागते. लाज वाटती बघ, लेकरा."

त्या दिवशीचा चहाही शेजारच्या पाण्याचाच होता. त्याबरोबर उकडलेल्या तुरीच्या शेंगा, रात्री भाकरी, ठेचा. खाण्यात मात्र काकूंनी कुणाकडून काही मागितलं नाही.

ताईने यंत्रणा दाखवली. मला वाटलं होतं काचेच्या नळ्या वगैरे असतील. प्रत्यक्षात तीन निळे ड्रम, पहिल्यात खडी भरलेली. आरओने परक्लोरेट निघतं, पण बरंच पाणी वाया जातं आणि क्षार त्या वाया गेलेल्या पाण्यात तसाच राहतो. दुसरा उपाय रेझिनचा. बाजरीच्या दाण्याएवढे मणी, ते क्षार धरून ठेवतात. पण मणी भरले की त्यांचं काय करायचं? म्हणून ताईचा तिसरा उपाय : जिवाणू. पहिल्या बंद ड्रममध्ये हवा नाही, त्यामुळे ते परक्लोरेटमधल्या ऑक्सिजनवरच श्वास घेतात आणि मागे उरतं साधं क्लोराइड, म्हणजे मिठात असतं तेच. खुराक म्हणून त्यांना रोज मोजून व्हिनेगर. दुसऱ्या ड्रममध्ये हवा आणि वाळू, तिसऱ्यात ब्लिचिंग पावडर, झालं पाणी.

संभाजीनगरच्या लॅबमधून सलग तीन नमुने स्वच्छ आले तर यंत्रणा विहिरीवर कायम बसणार. नाही आले तर ड्रम दुसऱ्या गावाला जाणार. काकूंना हे तोंडपाठ होतं.

ताई कामासाठी दोन दिवस हिंगोलीला गेली. जाताना म्हणाली, "खुराक वेळेवर दे आणि ड्रममध्ये कुणाला काही टाकू देऊ नको. एवढंच."

पहिला दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराक दिला, तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. ड्रायव्हरशेजारची जागा चक्क रिकामी! जीप नरसीला निघालेली. म्हटलं, नामदेवांचं गाव इतक्या जवळ आणि आपण ड्रमकडे बघत बसायचं? गेलो. दर्शन घेतलं, बाहेरच्या दुकानात चिवडा खाल्ला, एका आजोबांशी बैलांच्या किमतीवर वाद घातला. परतलो तेव्हा दुपार झाली होती आणि पहिल्या ड्रमचं झाकण उघडं होतं.

शेजारी ग्यानबामामा हात पुसत उभे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. गावात पाण्याचा नवा साठा दिसला की पावडर टाकायची, हे त्यांचं काम, आणि मामा कामचुकार अजिबात नाहीत.

"टाकली बराबर दोन मुठी," मामा म्हणाले. "लई जंतू असतेल त्यात."

"मामा, जंतूच पाळलेत त्यात!"

"आँ? जंतू काहून पाळून राहिले तुमी?"

काकू ओट्यावरून आल्या. सगळं समजल्यावर आधी मामांना म्हणाल्या, "ग्यानबा, नालीत टाकाय सांगितलं तर महिना महिना दिसत न्हाईस, अन् हितं दोन मुठी?" मग माझ्याकडे बघितलं. घागर उचलली आणि शेजारणीकडे पाण्याला निघाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईला फोन केला. तिने आधी किती पावडर पडली ते विचारलं. मग म्हणाली, "ड्रम धुवा. शेडमागच्या नाल्यातला काळा गाळ आणा. पहिले जिवाणू तिथूनच घेतले होते. मी येतेच."

मी आणि मामा गुडघाभर गाळात. वास असा की मामांनी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. बादल्या भरून आणल्या, खडी धुतली, पुन्हा भरली. नवे जिवाणू जागे व्हायला दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांसाठी गेलेला मी अठरा दिवस राहिलो. जीप थांबायच्या, ड्रायव्हर हाका मारायचे, मी उठलो नाही. मामा रोज सकाळी यायचे, झाकणावर दगड ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायचे, "हात न्हाई लावायचा, पाळलेत ते!"

मी निघालो तेव्हा पहिला नमुना स्वच्छ आला होता. दुसरा गेल्या महिन्यात आला, तोही स्वच्छ. सेनगावकडे गेलात तर हिवाळ्यात जा, तूर खा, नरसीला जरूर जा. फक्त कुणाचं काही राखायला घेतलं असेल तर ते उरकून जा. माझ्यापाशी काय राहिलं? फोटो चार, त्यातले तीन ड्रमचे. आणि शेजारणीकडे निघालेली काकूंची ती घागर.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात सुभद्राकाकू! एकट्या, पहाटेच्या एसटीने, मांडीवर बर्फाचा डबा धरून आल्यात. डब्यात तिसरा नमुना. "डायवरला म्हनलं, हळू चालव, माझं पानी हाय. चल, लॅब दाव."

मी म्हणालो, "काकू, रिपोर्टला चार दिवस लागतात."

"मंग? चार दिसाची लुगडी आनलीत मी."