इस्त्रीवाला झाडावर चढला

इस्त्रीवाल्याला घाणीचा भारी तिटकारा. म्हणून दुकानामागच्या तुतीवर त्याने दात धरला होता: सुरवंट, चिकट फळं, पांढऱ्या सदऱ्यांवर पाखरांची शीट! शेवटी त्याने लाकूडतोड्या बोलावलाच. ते कळताच लेक थेट शेंड्याला जाऊन बसली.

“बाबा, तुम्ही वर या, तरच मी उतरेन!”

“शी! शी!” करत गडी चढला. हात पिकल्या तुतीने बरबटले, मानेवर काहीतरी वळवळलं. लेक मात्र फांदीवर झुलत खिदळत होती.

“बाबा, घरट्यात बघा!”

आत चार ओलसर, बोडकी पिल्लं आ वासून होती.

“ईऽऽ, काय किळसवाणी गं!” म्हणाला, पण बघतच राहिला.

खालून लाकूडतोड्या ओरडला, “मालक, उतरा! घाव घालतो!”

“थांब रे! पोरं नागडी आहेत, आधी अंगावर कपडे येऊ देत!”