ओंगोल वळू आणि पोळ्याचा मान

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. चपलेला शेण लागतं तसे ते आपोआप लागतात. निजामाच्या राज्यात मी जाफराबादच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथे बसलेले धक्के मला अजून पचलेले नाहीत!

आमचे डॉक्टर अन्वरसाहेब. देवमाणूस, पण नव्या जातींचं भारी वेड. इथल्या गायींना तगडी वासरं व्हावीत म्हणून हैदराबादला अर्जावर अर्ज करून त्यांनी एक ओंगोल वळू मागवला. आंध्राकडचा, पांढराशुभ्र, हत्तीएवढा, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा! सोबत एक कागद आला. जनावराला काही झालं तर डॉक्टरची नोकरी जाणार! साहेबांनी हसत सही केली.

वळू ठेवला जवळच्या गावच्या शामराव पाटलांकडे.

*

पाटलांनी त्याच्यापुढे ज्वारीचा चांगला कडबा टाकला. त्यानं हुंगून तोंड फिरवलं! भाताच्या पेंढ्यावर वाढलेला तो. दोन दिवस वळू उपाशी, आणि त्याच्यापायी आमचे साहेबही उपाशी. शेवटी पाटलांनी कडबा बारीक तोडून वर गुळाचं पाणी शिंपडलं. वळू खायला लागला.

पाटील म्हणाले, "साहेब, नवी नवरी बी सासरी दोन दिस जेवत न्हाई. तुमी कशापायी उपाशी राह्यले?"

*

साहेबांनी पाटलीणबाईंना विलायती कोंबड्याही दिल्या होत्या. बाई खूश, अंड्यांनी टोपली भरलेली. महिन्याभरात त्याच टोपलीत कोंबड्या घालून बाई दवाखान्यात हजर!

"डाक्टर, ह्यांला औषध द्या. अंडी घालून राह्यल्या, पण एक बी खुडूक बसत न्हाई."

साहेबांनी समजावलं, ही जातच अशी. अंडी देते, उबवत नाही. बाई तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या.

"म्हंजी पोरं ह्यांची अन् सांभाळायची दुसरीनं? असल्या बाया माझ्या घरात नको!"

टोपली आमच्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस मी औषधांच्या कपाटातून अंडी काढत होतो!

*

वळूकडे पहिली गाय आली ती एका म्हाताऱ्याची. बुटकी, गावरान. तिनं तो डोंगर पाहिला आणि खुंट्यासकट पळाली! मागे म्हातारा. दोघं भोकरदनच्या वाटेवर सापडले.

म्हातारा धापा टाकत म्हणाला, "साहेब, ह्याचं वासरू माझ्या गायीच्या पोटात मावंल का? अन् मावलं तर गोठ्याच्या दारातून जाईल का?"

रात्रंदिवस जातींची पुस्तकं वाचणाऱ्या आमच्या साहेबांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता! मला त्यांची फार दया आली.

*

मग पाऊस लागला. काळ्या मातीचा रस्ता बंद झाला आणि आमचं पाटलांच्या गावाला जाणं थांबलं. पोळ्याच्या दिवशीच पोचलो, तेही हैदराबादच्या मोठ्या साहेबांना घेऊन. ते वळूची तपासणी करायला आले होते. "जनावर बिघडलं असेल तर माझं काही खरं नाही," असं अन्वरसाहेब वाटभर म्हणत होते.

वेशीत तोरण बांधलेलं. वाजंत्री सुरू झाली आणि सगळ्यांच्या पुढे आला आमचा ओंगोल! शिंगं रंगवलेली, पाठीवर पायापर्यंत झूल, गळ्यात घुंगुरमाळ. गर्दीतून असा चालला की काय सांगू! अंगावर धावून येणारं ते धूड लहान लेकरं कुरवाळत होती.

मोठे साहेब थक्क. "भौत शरीफ जानवर है, डॉक्टर!"

अन्वरसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी पाटलांचे दोन्ही हात धरले. "पाटील, एवढा शांत कसा केलात?"

पाटील लाजले. "त्यात काय साहेब. पोळ्यात पुढचा मान बैलाला, वळूला न्हाई. सरकारी जनावर मागं ठेवावं, हे काही बराबर न्हाई. मंग मृगातच बडवून खच्ची करून घेतला. आता बिलकुल तरास न्हाई!"

अन्वरसाहेब मटकन खाली बसले.

मोठ्या साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, "क्या बोल रहे पाटील?"

पाटीलच हात जोडून पुढे झाले.

"साहब, अकेला बैल नांगर को चलता नै. इसके जोड का एक और भेजो!"