उन्हात धरलेला फोटो

आज मी रेडिओलॉजी शिकते. पण आमच्या वसतिगृहात या शाखेबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली यायचा, जणू पळून जायचा बेत चालला आहे. इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाने एकदा तरी रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी अंगावर घेतली होती. त्यामुळे जिथे कुणी कॉलर धरत नाही, ती शाखा चांगले गुण असलेल्यांची पहिली पसंती होती. एक मैत्रीण म्हणायची, काही वर्षांत यंत्रच रिपोर्ट देईल, मग तू काय करशील? मला यंत्राची भीती नव्हती. वाईट बातमी समोरच्याला तोंडाने सांगायची भीती होती. आपण अंधाऱ्या खोलीत बसून लिहावं, सांगणारा दुसरा कुणी असावा, एवढंच मला हवं होतं.

शाखा निवडायच्या आठवड्यात मी गावी आले. शेलूबाजारहून जीपने थोडं आत आमचं गाव. माझ्याआधी घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. मी शिकले ती काकूमुळे. बाजारच्या दिवशी मेथी-वांग्यांच्या गोण्यांबरोबर ती मलाही जीपमध्ये बसवायची आणि आधी शाळेच्या दारात सोडायची, मग बाजारात बसायची.

माझा विचार ऐकून काका हसले. "एवढं शिकून फोटोच काढशीन? मंग लग्नाचे बी घेत जाय."

सगळे हसले, मीही हसले. काकू हसायला गेली आणि तिला खोकला लागला. तो थांबेना. भिंतीकडे तोंड करून ती बराच वेळ खोकत राहिली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "बरं हाय. सावलीतलं काम हाय. माहा बी एक फोटो काढेल हाय. पाय बरं."

खुंटीवरची पिशवी तिनेच काढून आणली. पेरणीच्या आधीचा छातीचा एक्स-रे होता. तेव्हाच डॉक्टरांनी अकोल्याला जाऊन पुढची तपासणी करायला सांगितलं होतं. पण आमच्याकडे फोटो निघाला की बिमारी निघाली असं धरून चालतात. खोकला मधे जरा बसला, सोयाबीन काढणीला आलं, आणि पिशवी खुंटीला लागली. कुणी काही लपवलं नव्हतं. काम झालं, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

मी अंगणात जाऊन फिल्म उन्हात धरली. उजव्या बाजूला वर, गळ्याच्या हाडाआड, एक पांढरा डाग होता. त्याच्या कडा फाटक्या होत्या. फिल्मकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"अशी काहून पाहून राह्यली वं माय?" काकूने विचारलं. "साफ हाय न?"

"नाही काकू. डाग हाय. उद्याच अकोल्याले जाऊ."

"आता कायले? फोटो त निंगाला."

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅनच्या खोलीत, मी नुकतीच डॉक्टर झालेली म्हणून तिथल्या रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी मला काचेच्या अलीकडे बसू दिलं. पलीकडे काकूच्या पायांचे तळवे तेवढे दिसत होते; भेगांत शेतातली माती तशीच होती. डॉक्टर मोकळेपणाने बोलत होते. हीच शाखा घ्या, सुखात राहाल, म्हणाले. पडद्यावर चित्रं सरकत होती. मग त्यांचं बोलणं थांबलं. चित्रं मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे. त्यांनी तंत्रज्ञाला हळूच सांगितलं, पोटाचीही घेऊन टाक. गाठ कुठवर पसरली ते पाहायचं होतं.

माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुमच्या कोण?"

"काकू."

ते खुर्ची मागे सारून उठले. मग म्हणाले, "चला बाहेर. मी सांगतो त्यांना. तुम्ही जवळ बसा."

बाहेर बाकड्यावर काकू पदर नीट करत होती. काका उभे होते. डॉक्टर तिच्या समोरच थांबले, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडेच बघत म्हणाली, "कसा आला वं?"

मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि डॉक्टरांच्या आधी बोलायला सुरुवात केली.