डोक्यावर पदर नसलेला फोटो

नव्या फ्लेक्सचा तो रबरी वास आला की मला अजूनही कुरखेड्याचा आठवडी बाजार आठवतो. आईच्या एका सरकारी अर्जासाठी आम्ही तिथल्या ऑनलाइन सेंटरवर गेलो होतो. कान आणि कपाळ दिसणारा फोटो हवा होता, तोही पन्नास केबीच्या आत. परक्यासमोर कधी पदर ढळू न देणाऱ्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, तेव्हा कुठे तिने तो खाली घेतला आणि कपाळावरचं हिरवं गोंदण उघडं पडलं. फोटो लहान करून सेंटरवाला म्हणाला, "काकू, आता मिटवून टाकतो. कुठी जात नाई तुमचा फोटो." पुढच्या बाजारी मोहफुलं विकायला गेलो, तर त्याच्या दुकानावर नवाकोरा फ्लेक्स: 'इथे फोटो लहान करून मिळेल', आणि खाली माझी आई, एकदा मोठी, एकदा लहान, दोन्हीकडे उघड्या डोक्याची. मी भांडायला गेले, तर हसत म्हणाला, "साजरा आला म्हणून लावला, काऊन चिडून राह्यली?" आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या भरवशावर पदर काढला होता मी." आता मी फोटो माझ्याच मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लहान करते, त्यासाठीचं वेबपेज एकदा उघडलं की नेट बंद केलं तरी काम होतं, फोटो कुणाकडे पाठवावाच लागत नाही. परवा आईचा नवा फोटो हवा होता. "मोबाइलच्या बाहेर कुठीच जात नाई, आई," मी म्हणाले. तिने पदर आणखी पुढे ओढला. "त्यानंबी असंच म्हटलं होतं."