मधूने फळ्यावर काढलेली नळी

मृत्यूपुढे कुठलाच पडदा टिकत नाही, असं थोर लोक सांगून गेलेत. आमच्या मधूच्या शोकसभेत व्यासपीठामागे जांभळा मखमली पडदा होता, आणि तो शेवटपर्यंत टिकला. मधू हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. अमरावतीच्या एका शिकवणी वर्गात त्याने आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. एका सकाळी फिरून आला, बूट काढायला वाकला, आणि तसाच राहिला… सभेत प्रत्येक वक्त्याने त्याच्या निर्भीडपणाची तारीफ केली. निर्भीड कशाबाबत, हे मात्र कोणाच्या तोंडून निघेना. एक म्हणाला ‘तो अवघड धडा’, दुसरा म्हणाला ‘तो नाजूक विषय’. तिसऱ्याने ‘सरांचं ते प्रकरण’ असं म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघे दचकून एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी अध्यक्ष उठले. ‘वहिनींच्या नशिबी मातृत्व नव्हतं, पण विद्यार्थी हीच सरांची लेकरं!’ टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे मध्येच आठवल्यामुळे त्या अर्ध्यावर थांबल्या. पहिल्या रांगेत मधूची बायको, शालिनीवहिनी, अध्यक्षांकडे बघत होत्या. चुकीचं उत्तर ठासून देणाऱ्या पोराकडे मधू बघायचा, तशाच.

मी अकोल्याला वकिली करतो. अमरावतीला तारीख असली की कोर्ट आटोपून त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. शाळांमधून ‘हा धडा घरी वाचून घ्या’ असं ऐकून आलेली ती पोरं. मधू रंगीत खडू घेऊन गर्भाशय काढायचा, दोन्ही बाजूंच्या बीजांडनलिका, अंडाशय. शेजारी वृषण, आणि तिथून वर चढून मूत्राशयामागे वळणारी शुक्रवाहिनी. एकही रेघ पुसावी लागत नसे. कोणी फिदीफिदी हसलं की म्हणायचा, “काहून हसून राहिला बे? तुले काय बाजारातून आनलं होतं?” एका मुलीने दबक्या आवाजात विचारलं, “सर, मोठ्यानं वाचू?” तर हा म्हणाला, “वाच ना बाई. शब्द हाये, विंचू नाही.” मला वाटायचं, वऱ्हाडात एक तरी माणूस सरळ बोलतो.

या लेखासाठी त्याच्या निर्भीडपणाचे आणखी एक-दोन किस्से हवे होते, म्हणून मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “किस्सा एकच हाये भाऊजी. पन तुमच्या लेखात बसते का नाही, पाहा.”

लग्नानंतर मूल होईना, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या. सगळ्या वहिनींच्या. गर्भनलिकांत औषध सोडून काढलेले फोटो, दुर्बिणीची तपासणी, आणि एका बाबाचा अंगारासुद्धा. मधूची तपासणी कोणी सांगितली नाही, आणि जीवशास्त्राच्या या मास्तरानेही स्वतःहून करून घेतली नाही. “मायं सगळं ठीक हाये,” एवढंच म्हणायचा. पुढे अकोल्याच्या एका डॉक्टरांनी त्यालाच आत बोलावलं आणि बोटांनी चाचपूनच निदान केलं. दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या जन्मापासूनच नव्हत्या. बीज तयार होत होतं, पण त्याला बाहेर यायला रस्ताच नव्हता. स्राव बहुतेक दुसऱ्या ग्रंथींचा असतो, त्यामुळे वरून काही कळायचं कारण नव्हतं. वर्षानुवर्षं जी नळी तो फळ्यावर अचूक काढत होता, तीच त्याच्या अंगात नव्हती.

ते दोघं हिवरखेडला, त्याच्या गावी, जाऊन आईला सांगून आले. त्या साली गावात कित्येकांच्या वावरात सोयाबीन उगवलंच नव्हतं, आणि ‘बियानं बोगस निंगालं’ म्हणून सगळं गाव तक्रार करत होतं. वावराला कोणीच दोष देत नव्हतं. आईने मुलाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माया पोरात खोट नाही. अन् असली तरी हे भाईर बोलू नोको.” तो बोलला नाही. पुढे असं अडलेलं शुक्रबीज सुईने थेट काढून मूल होऊ शकतं, हे तो वर्गात शिकवायला लागला. स्वतः नागपूरच्या दवाखान्यात जाऊन विचारायला मात्र तयार झाला नाही. गेलो तर लोकांना कळेल, म्हणाला. घरातल्या डोहाळजेवणांत सगळ्या बायकांची ओटी भरायचे आणि वहिनींना स्वयंपाकघरात काहीतरी बघायला पाठवायचे. मधू तेव्हा ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत असायचा.

“एकदा म्या म्हटलं त्याइले,” वहिनी म्हणाल्या, “तो धडा एकदा तुमच्या ओसरीवर घ्या. तं हसले… वाईट नव्हते हो. मले कधी टाकून बोलले नाही. पन बोललेच नाही.”

मी म्हटलं, “वहिनी, हे राहू द्या. गेलेल्या माणसाचं…”

“राहू काहून द्यायचं? दीपालीले परवा पुन्हा फोटो काढाले नेलं.” दीपाली ही मधूच्या पुतण्याची, मोहितची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. मोहितची तपासणी अजून झालेली नव्हती, आणि असा दोष घराण्यातही असू शकतो, हे वहिनींना डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. “तुमी लिहा. त्याइचं नाव गेलं तं जाऊ द्या. मायं गेलं, तवा कोन रडलं?”

तर लिहिलं. मधू मला आवडायचा, अजूनही आवडतो.

वहिनींनी माझ्या लेखाची वाट मात्र पाहिली नाही. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या फळ्यावर मधू दुसऱ्या दिवशीचा पाठ आधी काढून बघायचा. त्याने शेवटची काढलेली आकृती तिथे अजून आहे. वहिनींनी ती पुसू दिलेली नाही. नेमक्या त्याच जागी काकांचा मोठा फोटो लावायला रविवारी मोहित आला. हातोडी घेऊन खुर्चीवर चढला, तेव्हा वहिनींनी आकृतीतल्या शुक्रवाहिनीवर बोट ठेवलं. “हे दिसते? हे तुया काकाले नव्हती. आता दीपालीले घरी राहू दे, अन् तू जा.” तो हातोडी ठेवून खुर्चीवरून खाली उतरला.

मंगळवारी मोहित अकोल्याला एकटा तपासणीला गेला. फोटो अजून खालीच भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. तो फळा लाकडी नाही, सिमेंटवर काळा रंग दिलेला आहे. त्यात खिळा जात नाही.