पडद्याचे स्पीकर

आमच्या घरचे स्पीकर मी स्वतः करवून घेतले होते, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवल्याशिवाय मी चहा पुढे करत नसे. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. सुतार शोधत जवळच्याच, खाडीकाठच्या जुहूगावात गेलो, तर होड्या दुरुस्त करणारा एक जण तयार झाला. त्याने प्लायवूडची दोन खोकी अशी ठोकली, की भरतीच्या पाण्यात सोडली असती तर तरली असती. आवाजही तसाच भरभक्कम यायचा. तबला लावला की खालच्या मजल्यावरचे वर येत, आणि त्यांची तक्रार मी कौतुक समजून ठेवून घेई.

बायको गेल्याला पाचेक वर्षं झाली असतील. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, आईचा आवाज असा नव्हता. हा जाड वाटतो."

मी चिडलो. आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची, हिला काय आठवणार, असं म्हणून मोकळा झालो. खरं दुखणं निराळं होतं. मलाच आठवेनासा झाला होता. चेहऱ्यासाठी फोटो तरी होते. आवाजासाठी फक्त टेपचं एक स्पूल होतं, तिने गायलेल्या भूपाचं, आणि ते या खोक्यांतून जसं वाजे तसाच तिचा आवाज माझ्या डोक्यात बसत चालला होता. तिचा खरा आवाज मी गमावतो आहे, अशी मला भीती वाटायला लागली.

त्याच सुमाराला पलीकडच्या सेक्टरमधले एक गृहस्थ कायमचे परदेशी मुलाकडे चालले होते. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून सगळी नोकरी झालेली. तिकडून आणलेले इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर त्यांना कुणा जाणत्याला द्यायचे होते. दाराएवढे उंच, आणि खोकं असं नाहीच. दोन जाळ्यांच्या मध्ये ताणून बसवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा, विजेच्या जोरावर तो सगळाच्या सगळा थरथरतो. खाडीच्या दमट हवेत ते चरचरतात, धूळ बसली की रुसतात, आणि तबला त्यांना झेपत नाही, हे गृहस्थांनी आधीच सांगितलं. "पण गाणाऱ्याचा गळा? समोर बसून गातोय असं वाटेल," ते म्हणाले. मला तेवढंच पाहिजे होतं. महिनाभर घरात मी दुसरा विषय काढला नाही. खोकी कुणाच्या गळ्यात घालायची हेही ठरवून टाकलं.

एका रविवारी दुपारी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. स्पूल पत्र्याच्या डब्यात होतं, दमटपणा खायला सोबत चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी. "टेन्शन घेऊ नका, मी जपून लावतो," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, मशिनवर चढवलं आणि आम्हाला दोन खुर्च्या दिल्या.

तानपुरा सुरू झाला आणि मागोमाग ती. तीच. पातळ, किंचित अनुनासिक, सा लावताना जरासा खालून येणारा आवाज. मुलीने माझा हात धरला. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

मग अंतऱ्यात मला तिचा श्वास ऐकू आला. ओळ संपायच्या आधीच तुटत होता. तोंडाने घेतलेला, घाईचा श्वास, आणि त्यामागे बारीक सूं सूं. पुढच्या ओळीला परत तेच. घरच्या खोक्यांत हे कधीच आलं नव्हतं.

हे रेकॉर्डिंग मीच केलं होतं. मशिनची घरघर टेपवर येऊ नये म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवलं होतं. मी तिथे कानाला हेडफोन लावून आवाजाच्या मीटरच्या सुईवर डोळे रोखून बसलेलो, ती बाहेर चटईवर. तिच्या बसण्याची जागा मी खडूने आखून दिली होती, माइकपासूनचं अंतर बदलू नये म्हणून. तिचा श्वास माइकमध्ये फार येतो म्हणून मी वैतागलो. रियाज नाही, दमसास नाही, असं बरंच बोललो. शेवटी उठून माइकच लांब नेला. श्वास येईनासा झाला, आणि मला वाटलं काय युक्ती केली! पुढे दीड वर्षाने डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप कधीपासूनच आकसत आली असणार. आधी काही जाणवलं नाही का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो.

गाणं संपलं. घरी मी इथेच मशिन बंद करत असे, कारण पुढचं काही ऐकण्यासारखं नाही असा माझा समज होता. पण बटण आज दुसऱ्याच्या हाताखाली होतं आणि तो भला माणूस गाण्यात हरवला होता. टेप पुढे सरकली. तिने दोनतीनदा धाप टाकली. मग अगदी हळू म्हणाली, "अहो, जरा भिंतीला टेकू का?"

लांबून, स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. "टेकू नकोस, अंतर बदलेल. परत एकदा."

मी उठून बटण दाबलं. एवढं सगळं माझ्या कानांवर पडलं होतं, त्याला मी उत्तरही दिलं होतं, आणि साफ विसरून गेलो होतो.

"काय झालं? घेणार ना?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. आमच्या खोलीत मावायचे नाहीत," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. खोलीची मापं मीच त्यांना कागदावर काढून दिली होती.

डबा छातीशी धरून निघालो. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट चाललं होतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मुलीने विचारलं, "बाबा, मग आई टेकली का?"

मी कुलूप उघडत राहिलो. त्या स्पूलवर पुढे आणखी तीनदा तोच भूप आहे.