मर्तिकाच्या घरची भाकरी

आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. नदीवरून माणसं परत येतात, दारात लिंबाचा पाला चावतात, अंघोळी करून भिंतीला टेकून बसतात. मग शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. त्याला कडू घास म्हणतात. खायची कुणाला इच्छा नसते, पण बळंच खायला लावायचं. रडायलासुद्धा अंगात ताकद लागते. हे माझं म्हणणं नाही, माझ्या बायकोचं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या दिवशी काय झालं ते लिहायला बसलोय. वाचायला गोड लागणार नाही.

ती डोंगराकडची. जुन्नरच्या पार वरच्या अंगाला, जिथं भात आणि नाचणीशिवाय काही पिकत नाही, तिथली. आमची वाडी आंबेगावात, कालव्याखालची. मी मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याची पोती उचलायचो. हमाली. लोकांच्या शेताला कालव्याचं पाणी, आमच्या घरात फक्त ऐट. तिला वाडीतल्या बायकांनी कधी जवळ केलं नाही, कारण ती नाचणीची भाकरी करायची आणि बोलताना हेल काढायची. "हिची भाकर तव्यावर जळाली का जल्मताच काळी?" असं तोंडावर विचारायच्या आणि हसायच्या. ती पण हसायची. मला राग तिच्याच हसण्याचा यायचा.

एका लग्नात ती पुऱ्या लाटायला बसली होती. एका बाईनं तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तू राहू दे गं, तुझ्या हाताला भाताची सवय. त्या टोपांकडं बघ जरा." ती उठली आणि टोप घासत बसली. मी मांडवात पंगतीला वाढत होतो, मला सगळं दिसत होतं. घरी आल्यावर म्हटलं, "कशाला जातीस मरायला?"

"बोलावत्यात म्हनून जाते."

"टोप घासायला बोलावत्यात."

"बोलावत्यात तर," ती म्हणाली.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. कालव्याच्या टोकाला एका घरातला कर्ता पोरगा साप चावून गेला. लोक नदीवर गेले, आले, आपापल्या घरी पांगले. दिवस कलला तरी त्या घरात कुणी काही नेलं नव्हतं. घर गरिबाचं, वाडीच्या बाहेरचं, म्हणून प्रत्येकाला वाटलं दुसरा बघील. हिनं डब्यातलं बाजरीचं पीठ काढलं आणि बसली थापायला. मी दारात उभा राहिलो. "डोंगरचीच्या हातचं खातील का ते? परत पाठवतील. तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मर्तिकाच्या घरी भाकर कुनी थापली ते कुनी इचारत न्हाई," म्हणाली.

आणि खरंच कुणी विचारलं नाही.

तिथून ते तिचंच काम झालं. कुणाच्या घरी रड ऐकू आली की ती आधी पिठाच्या डब्याकडे जायची. भाऊबंद असो की भांडलेला असो. लाटणं हिसकावणारीचा सासरा गेला तेव्हा तिकडेही तिचं भाकरीचं टोपलं गेलं. तिच्या काही रीती होत्या. पिठल्यात तिखट कमी, कारण रडून घसा सोललेला असतो. पहिला घास घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, त्यानं खाल्लं की बाकीचे खातात. सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. आणि भांडं मागायचं नाही. दहावा झाल्यावर आलं तर आलं, नाही आलं तर गेलं. आमची कितीतरी पातेली अशी गेली. मी दर दिवाळीला मंचरहून नवं आणायचो आणि शिव्या देत आणायचो.

वाडीला सवय झाली. पुढं घरोघरी गॅस आले, टीव्ही आले, पोरं फटफट्या उडवायला लागली. कुणी गेलं की बायका नाकाला पदर लावून एकमेकींना विचारायच्या, "तिचं टोपलं निघालं का?" निघालं असं कळलं की सगळ्या मोकळ्या. मग सिरियल बघा नाहीतर झोपा.

मी एकदा चिडून म्हटलं, "तू काय वाडीची नोकर हाईस का?"

"तुमी पोती उचलता तवा शेठ इचारतो का, पाठ दुखती का म्हनून? उचलताच ना?"

"मला हमाली मिळती."

"मला बी मिळतं काय तरी."

"काय मिळतं? एक पातेलं तरी धड राहिलं का घरात?"

ती भाकरी उलटत होती. उलटली, फुगू दिली, मग म्हणाली, "त्या घरात मला बस म्हनत्यात. सतरंजीवर. आपल्याबरोबर."



दोन हजार सालानंतरची गोष्ट. बटाटे काढणीचे दिवस होते. सकाळी अंगणात शेणाचा सडा टाकता टाकता छातीत कळ आली म्हणाली आणि बसली. गाडी बघेपर्यंत संपलं. पोरगा भोसरीला कंपनीत, तो बायको-पोरीला घेऊन आला. लेक सासरहून आली. डोंगराकडून तिचे भाऊ जीपमध्ये बसून आले. दुपारी घोड नदीवर सगळं उरकलं. परत आलो, पाला चावला, अंघोळी केल्या, बसलो.

वाडीतली माणसं आली, ते खोटं बोलणार नाही. अंगण भरलं. बायका गळ्यात पडून रडल्या. सगळ्यांचं एकच बोलणं. "लई पुन्यवान व्हती. कुनाच्या बी दुखाला धावायची. तिच्या हातची भाकर खाल्ली न्हाई असं घर न्हाई वाडीत." शेजारची वहिनी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेल्या घरातली, तिनं तर छाती बडवली. "मला आता कोन गं पिठलं आननार!" म्हणाली. हे शब्द माझ्या कानांनी ऐकलेले आहेत.

मग ऊन उतरलं आणि एकेक जण उठला. "येतो भाऊ." "धीर धरा राव." "आमी हायेच." कुणाच्या म्हशी धारेला थांबल्या होत्या, कुणाची बटाट्याची पोती शेतात पडली होती. अंगण रिकामं झालं. आम्ही घरचेच बसून राहिलो.

मला अजून कळलं नव्हतं. मी वाट बघत होतो. मेहुणे डोंगरातले, सकाळपासून उपाशी. त्यांच्याकडे अशा वेळी सबंध वाडीच्या चुली एका घरासाठी पेटतात. ते माझ्याकडे बघत होते आणि मी रस्त्याकडे. धाकट्या मेहुण्यानं हळूच विचारलं, "दाजी, तुमच्यात किती वाजता आनत्यात?"

मी म्हटलं, "आनतील. येळ होतो जरा."

तेवढ्यात भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. लसणाची फोडणी बसली, तिचा वास आमच्या घरात आला. नातीनं आईच्या मांडीवरून मान वर केली आणि म्हणाली, "मम्मी, भूक."

त्या शिट्टीला माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडीत मर्तिकाचं टोपलं कुठून निघतं? आमच्या घरातून. आणि आज मर्तिक आमच्याच घरात. ते कुणाचंच काम नव्हतं. प्रत्येक घराला वाटत होतं, येतंय ते टोपलं. कुठून येणार ते कुणाच्या मनात आलंच नाही. बाई दहा-पंधरा वर्षं सगळ्या वाडीला घास भरवत राहिली आणि वाडी काय शिकली? तोंड उघडायला.

पोरगा उठला, फटफटी काढली आणि मंचरला हायवेवर जाऊन वडापाव घेऊन आला. वर्तमानपत्रात बांधलेले, तेल सुटलेले, पाव थंडीनं कडक झालेले. लेकीनं हातात घेतला आणि ओरडली, "आईच्या दिवशी वडापाव!" आणि नदीवर रडली नव्हती इतकी रडली. मेहुण्यांनी मुकाट्यानं खाल्ले. त्यांची नजर मला अजून टोचते. आपली बहीण कुठल्या गावात दिली होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पहिला घास घरातल्या म्हाताऱ्याला द्यायचा, ही तिची रीत. म्हातारा मीच. मला कुणी दिला नाही, मी घेतला नाही.

पोरगं आपल्या कामाला गेलं. "चला भोसरीला" म्हणाला, मी गेलो नाही. भात आणि चहात बुडवलेली खारी यावर दिवस काढले. वाडीशी बोलणं तोडलं. कुणी राम राम घातला तर मान हलवायची, तेवढंच. टोपलं भिंतीच्या खिळ्याला लटकत होतं. खाली काढलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारचा म्हातारा गेला. वहिनीचा नवरा, माझ्याच वयाचा. नदीवर गेलो. जायचं म्हणून गेलो. परत येऊन ओट्यावर बसलो आणि बघत राहिलो, आज कोण आणतंय. खोटं कशाला बोलू, मजा बघत होतो. अंगण भरलं, रडणं झालं, ऊन उतरलं, माणसं पांगायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातला एक जण माझ्यासमोर थांबला.

"भाऊ, टोपलं तुमच्याकडनंच यायचं ना नेहमी? आता कसं काय?"

"टोपलं घरात हाय," मी म्हटलं, "टोपल्यावाली न्हाई."

तो ओशाळला. "तसं न्हाई, आपलं इचारलं," म्हणाला आणि गेला. टोपलं कुठल्या खिळ्याला असतं हे त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या घरातलं पीठ कुठं असतं ते नसावं.

मी घरात आलो. भिंतीपलीकडे आज कुकर वाजत नव्हता. वहिनीचा आवाज बसला होता, नुसती घरघर येत होती. मला दया आली असं लिहिलं तर ते लबाडी होईल. दया आली नाही. बरं वाटत होतं. पण ते बरं वाटणं असं होतं, की मी खिळ्याकडे बघू शकत नव्हतो. आज मी गप्प बसलो की मी पण वाडीतलाच एक. मग ती या घरात राहिली, माझ्याबरोबर राहिली, त्याचा काय उपयोग?

टोपलं काढलं. जाळं झटकलं. शेजारच्या गल्लीतून पीठ मागायला जायची लाज वाटली, म्हणून दुकानातून बाजरीचं पीठ आणि बेसन आणलं. जन्मात भाकरी थापली नव्हती. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. पुढच्या जाड केल्या, फाटू नयेत म्हणून, तर त्या आत कच्च्या राहिल्या. पिठल्यात गाठी झाल्या. सगळा जन्म क्विंटलाची पोती पाठीवर घेतली, पण ते टोपलं डोक्यावर घेऊन भिंतीच्या त्या बाजूला जायला पाय उचलत नव्हते. बाईमाणसाचं काम करताना वाडी बघत होती, ते एक होतंच. खरी भीती तीच जुनी होती, परत पाठवलं तर?

दारात उभा राहिलो. घरातले सगळे बघायला लागले. टोपलं सतरंजीवर ठेवलं आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्या दारात त्या दिवशी कुनी आलं नव्हतं. ते ध्यानात ठेवा आन् खावा."

मर्तिकाच्या घरी असं बोलू नये, मला कळतं. पण बोललो.

वहिनीनं तोंडावरचा पदर काढला. "आमाला वाटलं, पल्याडची आनतील."

"पल्याडच्यांना वाटलं अल्याडची आनतील."

मी भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि घास तिच्या हातात दिला. ती त्या घासाकडे नुसती बघत बसली. मग तिनं तोंडात घातला. बाकीचे जेवायला लागले. कोपऱ्यातून मयताचा भाऊ म्हणाला, "पिठल्याला मीठच न्हाई की राव." कुणीतरी हसलं, लगेच दाबलं. मी सगळ्यांचं होईपर्यंत बसलो. "सतरंजीवर बसा की," असं मला त्यांच्या सुनेनं म्हटलं. मी जमिनीवरच बसलो.

दहाव्यानंतर ती सून टोपलं आणि पातेलं घेऊन आली. कुकरवाली तीच. दोन्ही घासून लख्ख केलेलं. दारात उभी राहिली, जाईना.

"ठेव तिथं," मी म्हटलं.

तिनं टोपलं बरोबर त्याच खिळ्याला अडकवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "मामा, भाकरी लई कच्च्या व्हत्या तुमच्या."

"माहीत हाय."

"पुढच्या येळंला मी करीन. तुमी नुसतं टोपलं न्या."

"अगं, पुढची येळ माझीच हाय," मी म्हटलं.

तिनं जाता जाता विचारलं, "पिठल्यात तिखट कमी घालायच्या ना मामी?"

मी हो म्हटलं.